पिनाय या शब्दाचं पहिलं बक्षीस

आमच्या घरात फिलपिनी या शब्दाचा अर्थ कामाला ठेवलेली बाई असा होता. तो कुणी ठरवला नव्हता, आणि तो चुकीचा असेल असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. ‘समोरच्या बिल्डिंगमधल्या बँकवाल्यांनी फिलपिनी आणली,’ असं अम्मी म्हणायची तेव्हा तिला त्या बाईच्या देशाबद्दल काही सांगायचं नसे, बँकवाल्यांची ऐपत सांगायची असे. दुकानात भेटलेली, हॉस्पिटलात दिसलेली, जिन्यात अंग चोरून बाजूला झालेली, सगळ्या फिलपिनीच. त्यांना नावं असतात हे आम्हाला माहीत होतं, पण नावाची गरज पडत नव्हती. मी आज साठीला टेकले आहे आणि अजून बहरैनमध्येच राहते. हा शब्द या अर्थाने मी किती घरांत आणि किती भाषांत ऐकला याची गणती नाही. पण इतरांचं सांगत बसायला मी कागद पुढे ओढलेला नाही. मी काय केलं तेवढं एकदा लिहून ठेवायचं आहे.

सलमानियाला, मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. खिडकीतला एसी इतका जुना होता की तो सुरू असला की आम्ही सगळे आवाज चढवून बोलायचो, आणि तो बंद झाला की एकदम भांडण थांबल्यासारखं वाटायचं. सकाळी गॅसवाला पान्याने सिलिंडर बडवत गल्लीतून जायचा. तीन मशिदींच्या अजाना एकीच्या मागे एक, थोड्या थोड्या अंतराने, खिडकीतून आत यायच्या. घरात आम्ही आमची दापोलीकडची बाणकोटी बोली बोलायचो. इथे ती मी जरा धुऊन पुसून लिहिते आहे. स्वयंपाकघरात अम्मीचं राज्य होतं. गावाहून ट्रंकेतून आणलेली सोलं, तांदळाच्या भाकऱ्या, साफी माशाचं कालवण. अब्बा तुबलीच्या एका गॅरेजात स्पेअर पार्टच्या काउंटरवर होते. गिऱ्हाइकाने नुसता आवाज काढून दाखवला तरी गाडीचं काय बिघडलंय ते त्यांना कळायचं. इंग्रजी त्यांना येत होतं, पण ते गाडीच्या बाहेर जात नसे. क्लच प्लेट, गॅस्केट, ऑइल सील. त्यापलीकडे हिंदी, थोडी अरबी आणि मान हलवणं.

मी चौदा वर्षांची होते आणि माझी धाकटी बहीण रुखी पाच वर्षांची. अम्मीला पुन्हा दिवस गेले होते आणि ते जड जात होते. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलातच ठेवून घेतलं; बाळंत होईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही म्हणाले. तिच्या वॉर्डाची खिडकी आमच्या गच्चीवरून दिसायची. इतकी जवळ होती ती, पण घर तिच्याविना चालवायचं होतं. शाळेची व्हॅन दुपारी दीडला आम्हाला सोडायची आणि अब्बा थेट संध्याकाळी यायचे.

पहिल्याच दुपारी रुखीने पोतीतला मणी नाकात घातला. मी चिमट्याने काढायला गेले तर तो आणखी वर गेला. मी जिन्यात येऊन ओरडले. वरच्या मजल्यावरून एक बुटकी, गोल चेहऱ्याची बाई चपला न घालता धावत खाली आली. तिच्या गळ्यात शिंप्याची टेप होती. तिने रुखीला मांडीवर घेतलं, मोकळी नाकपुडी बोटाने दाबली, तोंड मिटायला लावलं आणि म्हणाली, “आता जोरात फुंक, हत्तीसारखी.” मणी उडून समोरच्या भिंतीवर आपटला. रुखी रडता रडता हसायला लागली. ती बाई आमच्याहून जास्त हसली. तिचं नाव टेसी.

टेसी बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका दुकानात कारागीर होती. दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. अब्बांनी त्या संध्याकाळी जिन्यात उभं राहून, टोपी हातात धरून तिला विचारलं, “सिस्टर, दुपारी जरा माझ्या मुलींकडे बघशील?” तिने लगेच हो म्हटलं. बदल्यात काही घ्यायला ती तयार होईना, तेव्हा अब्बा शुक्रवारी बाजारातून येताना तिच्यासाठी मासळी आणायला लागले, साफी किंवा शेरी, तिला शेपटीसकट लागते म्हणून न कापता.

अम्मीला हे हॉस्पिटलात कळलं तेव्हा तिने मला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, “ती लोकं डुक्कर खातात. आपल्या भांड्यांना तिचा हात लागू देऊ नको.” मी घरी येऊन टेसीला हे सांगितलं नाही, पण तिने टोप उचलला की मी मध्ये जायला लागले. दोन दिवसांनी ती एक कोरं पातेलं घेऊन आली. त्याच्या कानाला तिने हिरवा दोरा बांधला होता. “हे फक्त तुमच्या घराचं,” ती म्हणाली. “यात दुसरं काही शिजलेलं नाही.” त्या पातेल्यात ती चिंचेचं आंबट कालवण करायची, मुळा आणि भेंडी घालून. रुखी ते वाटीने प्यायची. अम्मीच्या हातच्या कालवणाची आठवण येते असं मी एकदा म्हणाले, तर पुढच्या वेळी टेसीने माझ्याकडून सोलं मागून घेतली.

तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला ‘आते’ म्हणतात. तिच्यासोबत वर राहणाऱ्या बायका तिला आते टेसी म्हणायच्या, ते ऐकून रुखीही म्हणायला लागली. अब्बांना हे फार आवडलं. “आपल्यात आते म्हणजे बापाची बहीण,” ते म्हणाले. “म्हणजे ही माझी बहीण झाली की!” त्यांनी टेसीला ते हिंदीत समजावून सांगितलं आणि तिने तोंडावर हात ठेवून मान खाली घातली. तेव्हापासून तीही त्यांना ब्रदर म्हणायला लागली.

त्याच सुमाराला शाळेत इंग्रजी वक्तृत्वाची स्पर्धा आली. विषय होता ‘एका शब्दाचा प्रवास’. प्रत्येकाने एक शब्द निवडायचा, तो कुठून आला, त्याचा अर्थ कसा बदलला ते शोधायचं आणि बोलायचं. बंगला, खाकी, चिठ्ठी हे सगळे शब्द इतर मुलींनी आधीच घेतले होते. मी दुपारी टेबलाशी वही घेऊन कुढत बसले होते आणि टेसी माझ्या स्पर्धेच्या फ्रॉकचं माप घेत होती. दुकानातले उरलेले तुकडे मालकाला विचारून तिने आणले होते, सायीच्या रंगाचे, कडेला निळी पट्टी लावण्यासारखे.

“तुमचा एखादा शब्द सांग ना,” मी म्हणाले.

ती टाचणी ओठांत धरून विचार करत राहिली. मग टाचणी काढून म्हणाली, “पिनाय.”

“म्हणजे?”

“मी,” ती म्हणाली. “मी पिनाय. वर राहतात त्या सगळ्या पिनाय.”

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून आल्यावर टेसीने मला वर नेलं. एका खोलीत पाच बायका राहत होत्या. पलंगांमधल्या जागेत चटई टाकून त्यांनी जेवण मांडलं होतं: बारीक नूडल्समध्ये कोबी आणि कोंबडी, आणि तळलेल्या पोळीच्या गुंडाळीत पिकलं केळं. मी बसण्याआधीच टेसीने मला कोंबडीचं पाकीट दाखवलं, त्यावरचा हलालचा शिक्का बोटाने दाखवला. मग तिने टाळी वाजवली आणि सगळ्यांना सांगितलं की ही मुलगी शाळेत आपल्याबद्दल बोलणार आहे, नीट सांगा.

त्या कशा सांगायला लागल्या! तुटकं इंग्रजी, मध्येच हिंदी, मध्येच खलास आणि इंशाल्ला, आणि अडलं की आपल्या भाषेत एकमेकींशी वाद. सगळ्यांत मोठी होती नेना. ती एका अरबी घरात कामाला होती, पण शुक्रवारी तिला सुट्टी असे. तिने सांगितलं, तिचा चुलत आजा तरुणपणी अमेरिकेत शेतमजुरीला गेला होता. तिकडे गेलेल्या लोकांना स्वतःसाठी आखूड, लाडाचं नाव हवं होतं. मग त्यांनी पिलिपिना या शब्दाचं डोकं काढलं, उरलं पिना, त्याला लाडाचं शेपूट लावलं, झालं पिनाय. पुरुष असेल तर पिनॉय. “घरापासून लांब गेल्यावर तयार झालेला शब्द आहे हा,” नेना म्हणाली. “गावात कशाला लागतो? गावात सगळ्याच पिनाय.”

दुसरीने सांगितलं की मनिलातल्या शिकलेल्या बायकांना हे नाव हलकं वाटायचं, तिची मालकीण तर चिडायची. टेसी म्हणाली, “फिलिपिना म्हणतात ते बाहेरचे. देशाचं नाव एका परक्या राजावरून पडलं. आमच्या जुन्या बोलीत फ नव्हताच, प होता. म्हणून पिनाय आमचं. ते दुसऱ्या कुणाला सांगायचं नाव नाही, आपसातलं आहे. परक्या रस्त्यावर कुणी मागून विचारलं, ‘पिनाय का तू?’ तर डोळ्यांत पाणी येतं.”

सगळ्यांत तरुण होती जोय. ती हॉटेलातल्या खोल्या साफ करायची. इतका वेळ ती गप्प होती. ती म्हणाली, “आणि गाडी हळू करून काच खाली घेऊन कुणी म्हणालं, ‘ए पिनाय’, तर?” नेनाने तिला डोळ्यांनी दटावलं. मला सगळं कळलं नव्हतं, पण कुणाला काही टोचलं आहे एवढं कळलं. टेसीने माझ्या ताटलीत आणखी एक केळ्याची गुंडाळी वाढली.

मी घरी आले आणि सगळं लिहून काढलं, चार पानं. त्यात लाडाचं शेपूट होतं, राजा होता, फ आणि प होते, परक्या रस्त्यावरचं डोळ्यांतलं पाणी होतं. आयुष्यात मी त्याहून चांगलं काही लिहिलेलं नाही. ती पानं माझ्याकडे नाहीत. मी ती स्वतःच फाडली.

वर्गात मी ते वाचून दाखवलं तेव्हा कुणीच ऐकत नव्हतं. आमच्या इंग्रजीच्या मिस चांगल्या होत्या, त्यांनी माझं कौतुक केलं, पण म्हणाल्या, “थोडं जिवंत कर. लोकांना धरून ठेवता आलं पाहिजे.” आमच्या वर्गात बँकवाल्यांच्या, इंजिनिअरांच्या मुली पुष्कळ होत्या. त्यांच्यातल्या एकीने मधल्या सुट्टीत विचारलं, “तुला हे सगळं कसं माहीत? तुमच्याकडे पिनाय आहे?”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. ती आमच्या वर राहते, माझी आते आहे, असं सांगता आलं असतं. माझे वडील काउंटरवर उभे राहतात हे त्या मुलींना माहीत होतं, त्यांच्या हाताला ग्रीसचा वास येतो हेही बहुतेक माहीत होतं. तीन वर्षांत त्यातल्या कुणी मला घरी बोलावलं नव्हतं. मी म्हणाले, “हो, आहे ना. दुपारी असते.” आणि ते पटावं म्हणून मी टेसीची नक्कल केली. “मॅडम, पिश इज पिनिश.” फ च्या जागी प, खांदे जरा वर, हात पोटाशी. नक्कल हुबेहूब झाली, कारण तिला माझ्याइतकं जवळून त्यांच्यातल्या कुणी पाहिलेलंच नव्हतं. सगळ्या हसल्या. पाच-सहा मुली माझ्याभोवती गोळा झाल्या. ‘पुन्हा कर, पुन्हा कर.’ मी पुन्हा केली.

भाषण मग दोन दिवसांत बदललं. राजा गेला, नेनाचा चुलत आजा गेला. शेपूट राहिलं, कारण त्यावर लोक हसतात हे कळलं होतं. एक वाक्य मी स्वतः तयार केलं आणि ते मला फार आवडलं. ते असं होतं: बहरैनमधल्या प्रत्येक चांगल्या घरात एक वॉशिंग मशीन असतं आणि त्याच्या शेजारी एक पिनाय असते, दोन्हींतलं एकच बडबडतं. मिसना मी हे वाक्य दाखवलं नाही. त्यांच्यासमोर सराव करताना गाळलं, स्टेजसाठी राखून ठेवलं. दुपारी मात्र टेसी मला फ्रॉक घालून उभी करायची, खालची पट्टी सरळ करायची आणि विचारायची, “भाषण पाठ झालं? माझं नाव घेतलंस का त्यात?” मी म्हणायचे, “शब्दावर आहे, नावावर नाही.” ती म्हणायची, “बरं, बरं.”

अंतिम फेरी गुरुवारी दुपारी दोनला शाळेच्या हॉलमध्ये होती. पालकांना बोलावलं होतं. अब्बांनी मला काही कळू दिलं नाही. त्यांनी गॅरेजातून दोन तासांची रजा घेतली, रुखीला वरच्या एकीजवळ ठेवलं, मालकाची पिकअप मागून घेतली, टेसी, नेना आणि जोयला त्यात बसवलं आणि आणलं. दुकान दुपारी बंद असतं म्हणून टेसीला येता आलं. नेनाने मालकिणीला काय सांगितलं असेल कुणास ठाऊक.

मी स्टेजवर गेले तेव्हा मला ते दिसले नाहीत. पहिली दोन मिनिटं चांगली गेली. शेपटाला हशा आला. मग मी वॉशिंग मशीनचं वाक्य म्हणाले आणि हॉलमध्ये असा हशा उसळला की मला थांबावं लागलं. त्या थांबण्यात मी समोर नजर फिरवली. मागून तिसऱ्या रांगेत अब्बा होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यांच्या शेजारी टेसी, केसांना क्लिप लावलेली, फुलाफुलांच्या झग्यात. पलीकडे नेना आणि जोय. अब्बा टाळ्या वाजवत हसत होते. सगळे हसत होते म्हणून ते हसत होते, मध्येच टेसीकडे वळून तिलाही मान हलवून दाखवत होते की बघ, बघ. टेसीच्या चेहऱ्यावर अजून हसू होतं, पण ते आधीपासून तयार करून आणलेलं होतं आणि ते काढून कुठे ठेवायचं हे तिला समजत नव्हतं.

नक्कल अजून बाकी होती.

मी हे बऱ्याच वेळा स्वतःला वेगळं सांगून पाहिलं आहे. की मी घाबरले, की शब्द आपोआप तोंडातून गेले, की मी चौदा वर्षांची होते. तसं नव्हतं. मला ती दिसली होती. मला नक्कल गाळता आली असती. सरावात एक वाक्य गाळायची मला सवय होती. पण समोर चारशे माणसं पुढच्या हशासाठी चेहरे तयार करून बसली होती, आणि पहिल्या रांगेत त्या मुली होत्या. मी खांदे वर घेतले, हात पोटाशी धरले आणि टेसीच्या आवाजात, टेसीने शिवलेल्या फ्रॉकमध्ये म्हणाले, “मॅडम, पिश इज पिनिश.”

मला पहिलं बक्षीस मिळालं.

बाहेर पिकअपपाशी अब्बांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नेना आणि जोय मागे चढून बसल्या होत्या, माझ्याकडे पाठ करून. टेसीच्या हातात एक डबा होता. तो तिने माझ्या हातात दिला. “भूक लागली असेल,” ती म्हणाली. अब्बांनी गाडी सुरू केली, मी मध्ये आणि टेसी दाराशी. जाता जाता अब्बांनी तिला त्यांच्या हिंदीत विचारलं, “सिस्टर, मला सगळं इंग्रजी कळलं नाही. काय म्हणाली ही तुमच्याबद्दल?”

मी डब्याकडे बघत होते. डब्याचं झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि नूडल्सचा वास येत होता.

“चांगलं बोलली, ब्रदर,” टेसी म्हणाली. “म्हणाली, पिनाय खूप मेहनती असतात. घरच्यासारख्या असतात.”

“मग लोक इतके हसत का होते?”

“मी गमतीशीर बोलते ना. तिने माझं बोलणं करून दाखवलं. अगदी सेम.”

“शाबास!” अब्बा म्हणाले आणि स्टिअरिंगवर थाप मारली. “माझ्या पोरीने तुमचं नाव केलं.”

दुसऱ्या दुपारी टेसी येणार नाही असं मला वाटलं होतं, खरं तर मला तेच हवं होतं. ती आली. तिने रुखीच्या वेण्या घातल्या, हिरव्या दोऱ्याच्या पातेल्यात भात लावला, माझ्या फ्रॉकवर पडलेला सरबताचा डाग मीठ लावून काढला. ती माझ्याशी बोलायची, पण ‘पिनाय’ हा शब्द तिने माझ्यासमोर पुन्हा कधी उच्चारला नाही. तिच्या देशातल्या कुणाबद्दल बोलायचं झालं तर ती आता ‘फिलिपिना’ म्हणायची, जपून, फ वर ओठ नीट आणून. मी तिला इंग्रजी सुधारायला लावलं होतं.

महिनाभराने अम्मी बाळाला घेऊन घरी आली. आणखी एक बहीण. तिला बघायला बायका येत होत्या, त्यांच्यातल्या एकीची मुलगी माझ्याच शाळेत होती. ती हसत हसत म्हणाली, “तुमच्या मोठीने काय नक्कल केली हो फिलपिनीची! आमचे हे अजून हसतात.” आणि तिने ते वॉशिंग मशीनचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्या बायका गेल्यावर अम्मीने मला आत बोलावलं.

“वरच्या टेसीची?” तिने विचारलं.

मी मान हलवली.

“मी तिला आपल्या भांड्यांना शिवू देऊ नको म्हणाले. ते माझं चुकलं. ते मी माझ्या अल्लाला सांगेन,” अम्मी म्हणाली. “पण मी तिला बघितलेलं नव्हतं. तू तिच्या हातचं जेवत होतीस.” बाळंतिणीचा तिचा आवाज बारीक होता, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिने उठून, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना, सांदणं केली. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, वर वेलची. ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “वर जा. माफी माग. इंग्रजीत माग, तिला समजेल अशी.”

मी वर गेले. दार जोयने उघडलं. ती माझ्याकडे बघत राहिली, आत ये म्हणाली नाही, आत वळून टेसीला हाक मारली. टेसी शिवणाच्या मशीनवरून उठून आली. जिना चढताना मी वाक्य तयार केलं होतं, व्याकरणाने अगदी बरोबर. जोय बाजूला उभी होती. मी म्हणाले, “अम्मीने सांदणं पाठवलीत.”

टेसीने ताटली घेतली. ती थोडा वेळ थांबली. मी आणखी काही बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला तेव्हाही कळलं होतं. मग तिने विचारलं, “आई बरी आहे?” मी हो म्हणाले आणि खाली आले. अम्मीला सांगितलं, मागितली माफी. दुसऱ्या दिवशी ताटली परत आली, वर केळ्याच्या गुंडाळ्या ठेवून. अम्मी टेसीचे हात धरून किती तरी वेळ दारात उभी होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

वर्षभरात टेसीचं दुकान बंद झालं. ती हिद्दला, युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात लागली आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायला गेली. कॉलेजला जायच्या आधीच्या सुट्टीत मी एकदा एकटी बसने हिद्दला गेले. फाटकावरच्या केरळी वॉचमनने विचारलं, “कौनसी टेसी? इधर चार टेसी है. पूरा नाम बोलो.” मला तिचं आडनाव माहीत नव्हतं. तिच्या शब्दाच्या उगमावर मी चार पानं लिहिली होती. मी त्याला ती दिसते कशी ते सांगायला लागले, बुटकी, गोल चेहरा, आणि तो हसला. म्हणाला, सगळ्याच तशा दिसतात. मी त्याच्यावर चिडू शकले नाही. पुढची बस येईपर्यंत मी समोरच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, सावलीत उभी राहिले आणि परत आले. तिथून निघताना मनाला जे वाटलं त्याला दुःख म्हणायला मला आवडलं असतं. त्यात सुटका जास्त होती.

अम्मी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. अब्बा ऐंशी पार करून माझ्याचकडे राहत होते. गेल्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला आणि सलमानियाच्या त्याच हॉस्पिटलात तीन आठवडे ठेवलं. वॉर्डातल्या बऱ्याच नर्स फिलिपिन्सच्या होत्या. अब्बांना एक गोष्ट सांगायची सवय होती. आयुष्यभर ज्या ज्या फिलिपिना बाईची गाठ पडली तिला ती त्यांनी सांगितली होती. दुकानात, विमानात, बँकेच्या रांगेत. “माझ्या मुलीने तुमच्यावर भाषण केलं होतं. फर्स्ट प्राइज!” मी शेजारी असले तर हसून विषय बदलायचे. चाळीसहून जास्त वर्षं मी ते करत आले.

सकाळच्या पाळीची नर्स तिशीतली होती. अब्बांनी ऑक्सिजनची नळी बाजूला करून तिला ते सांगितलं. ती नाडी बघता बघता माझ्याकडे वळली आणि खऱ्या उत्सुकतेने म्हणाली, “हो का मॅडम? काय बोलला होतात?”

का कुणास ठाऊक, मला त्या दिवशी विषय बदलता आला नाही. मी तिला सांगितलं. शब्द कोणता, कुणी शिकवला, मी त्याचं काय केलं. वॉशिंग मशीनचं वाक्यही सांगितलं. ती ऐकत होती आणि सलाइनची गती नीट करत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, “माझी आई अकरा वर्षं इकडेच होती, मॅडम. एका घरात. आम्ही फोनवर विचारायचो, तुला तिथे कसं वागवतात? ती म्हणायची, घरच्यासारखं.” तिने तक्त्यावर आकडे लिहिले, पेन खिशाला लावलं. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि रागावली असंही दिसलं नाही. तिला पुढच्या पलंगाकडे जायचं होतं.

अब्बा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोप लागली. ते म्हणाले, “तिला एवढं काय सांगत होतीस? तिचा चेहरा उतरला.”

मी त्यांना सांगितलं, आमच्या बोलीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते भाषण मी आमच्या बोलीत म्हणाले, आणि या बोलीत ते इंग्रजीपेक्षा किती तरी घाण वाटलं. सांगायला नको होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ऐंशी वर्षांच्या, धाप लागणाऱ्या माणसाकडून त्याच्या अभिमानाची गोष्ट काढून घेऊन मी माझं ओझं हलकं केलं, हीसुद्धा लाजेचीच गोष्ट आहे. अब्बा मला रागावले नाहीत.

“मी हसलो होतो गं,” ते म्हणाले. “तिच्या शेजारी बसून. तिला कोपराने ढोसून सांगत होतो, हस म्हणून.”

त्यानंतर आणखी नऊ दिवस ते त्या वॉर्डात होते. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कुणाला सांगितली नाही. नर्स आत आली की ते उजवा हात कपाळाला लावून तिला सलाम करायचे आणि तिचं पूर्ण नाव विचारायचे. आदल्या दिवशी विचारलेलं असलं तरी पुन्हा विचारायचे, आणि मला लिहून घ्यायला सांगायचे.